अप्पांच्या गाडीतला धूर

दारासुरम् मागे पडलं होतं, पट्टीश्वरम् यायला अवकाश होता, आणि मागच्या सीटवरून अप्पांनी विचारलं, "अत्ता कुठे जातों आपण?"

एकादशी होती. डिकीत पितळेची घागर होती आणि घागरीत सकाळी घाटावर भरलेलं कावेरीचं पाणी. पट्टीश्वरम्‌च्या अलीकडे पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या मराठी लोकांचं एक छोटं भजनमंदिर आहे. तिथल्या विठ्ठलाला एकादशीला कावेरीच्या पाण्याने स्नान घालायचं, हा माझ्या वडिलांचा नेम माझ्या जन्माआधीपासूनचा. तोच माणूस मला विचारत होता, कुठे जातो म्हणून. मी म्हटलं, "पट्टीश्वरम्‌ला, अप्पा. घागर घेऊन." ते "हो, हो" म्हणाले आणि डोकं दुखतं म्हणून डोळे मिटून बसले. मंदिरापाशी त्यांना उतरवायला मी मागचं दार उघडलं, तेव्हा मला वास आला. जळलेल्या पेट्रोलचा, कडवट, घशाला लागणारा.

मला इतकं बरं वाटलं की सांगून पटणार नाही. गेले काही महिने अप्पा असे अधूनमधून हरवत होते. चष्मा, किल्ल्या वगैरे सगळेच विसरतात, त्याचं काही नाही. पण ते मधूनच दुकान उघडायला निघत, आणि दुकान विकून कितीतरी वर्षं झाली होती. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. एंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात शिरून ऑक्सिजनची जागा बळकावतो, डोकं दुखतं, माणूस गोंधळतो, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. म्हणजे बिघडली होती ती गाडी. अप्पा ठीक होते. गाडी दुरुस्त करता येते.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. काळी, गुबगुबीत पाठीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली, सकाळी चोक ओढल्याशिवाय हूं की चूं न करणारी. कुंभकोणम्‌च्या बाजारात अप्पांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं तेव्हा त्यांनी ती दुसऱ्याकडून घेतली आणि मग आयुष्यभर सांभाळली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर चालवणं सोडलं आणि सरळ मागच्या सीटवर जाऊन बसले. ड्रायव्हरशेजारी बसलं की पाय ब्रेक शोधतो, म्हणत. मी लग्न केलं नाही, आईवडिलांपाशीच राहते, त्यामुळे ड्रायव्हरची नेमणूक आपोआप झाली. रिक्षात अप्पा बसत नाहीत. भाड्याच्या टॅक्सीत घागर ठेवायला तयार होत नाहीत. गाडी गेली की एकादशी गेली, आणि एकादशी गेली की त्या माणसाला घराबाहेर काढणारं काही उरत नाही, इतका साधा हिशेब होता.

माझ्या भावाचा हिशेब वेगळा होता. तो चेन्नईला असतो, फोनवरून काळजी करतो आणि फोनवरूनच निर्णय घेतो. गाडी विकून टाक, अप्पा-अम्मांना मी इकडे घेऊन येतो, इथे मोठे डॉक्टर आहेत, असं त्याचं चाललं होतं. मी त्याला धुराचं सांगितलं. तो म्हणाला, त्याच गाडीत तूही बसतेस, मग तुला कसं काही होत नाही? मला राग आला, कारण प्रश्न बरोबर होता.

इथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी अप्पांचं स्कॅन पाहून सांगितलं की वयाच्या मानाने थोडा फरक आहे, त्यावरून आज काहीच म्हणता येत नाही. धुराचं ऐकल्यावर मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं. आधी तो धूर बंद करा, म्हणाले, आणि मग दोन-तीन महिन्यांनी बघू माणूस कसा आहे ते. धुरामुळे असेल तर सुधारेल. नसेल तर कळेल. मी अर्धंच वाक्य घेऊन घरी आले. धुरामुळे असेल तर सुधारेल.

मग सुरू झाला तो डोक्याला ताप.

गाडीतला धूर शोधणं म्हणजे घरात मेलेली पाल शोधण्यासारखं. सगळीकडे आहे आणि कुठेच नाही. साक्कोट्टैच्या रस्त्यावर आमचा नेहमीचा मेकॅनिक आहे. त्याने गाडीखाली जाऊन सायलेन्सर ठोकून पाहिला आणि तमिळमध्ये म्हणाला की जुनी गाडी म्हटली की वास येणारच, मा. मी म्हटलं, माझे वडीलही जुनेच आहेत, त्यांचा वास येत नाही. तो हसला. मी हसले नव्हते. त्याने एंजिनापाशी धुराची नळी जिथे जोडली जाते तिथला गॅस्केट बदलला. वास राहिला. सायलेन्सर बदलला. वास राहिला. एंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यातून तारा, केबली जातात, तिथली रबरं वाळून तडकली होती. ती सगळी नवी घातली. त्या दिवशी तो इतक्या खात्रीने हात पुसत उभा होता की मी त्याच्यासमोरच पेढे वाटायचे बाकी ठेवले. घरी येईपर्यंत वास पुन्हा आला होता.

मी ऑनलाइन एक यंत्र मागवलं. साबणाच्या वडीएवढं, हवेतला तो वायू मोजून आकडा दाखवणारं आणि आकडा फार चढला की ओरडणारं. ह्या वायूला स्वतःचा वासच नसतो, हेही मीच फळ्यावर लिहिते. नाकावर विसंबून मी इतके दिवस काय करत होते कोण जाणे. यंत्र पुढे डॅशबोर्डवर ठेवलं तर आकडा थोडासा हले. मागे, अप्पांच्या शेजारी ठेवलं तर गावातलं महामहम् तळं मागे पडायच्या आत ते किंचाळायला लागे. भावाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मी पुढे होते, अप्पा मागे होते. मी त्याला लगेच फोन केला आणि जरा चढ्या आवाजातच सांगितलं. तो म्हणाला, मग तर गाडी आजच विक. ह्या माणसाशी बोलून कधी कुणाचं भलं झालेलं नाही.

अप्पांना पुढे बसवून पाहिलं. त्यांचा पाय ब्रेक शोधत राहिला, एका वळणावर त्यांनी घाबरून गिअरचा दांडाच धरला, आणि आम्ही दोघं जवळजवळ केळ्यांच्या हातगाडीत गेलो. पुन्हा मागे.

मग खिडक्या. सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून चालवायची, हवा खेळती राहील, इतकं तर कुणालाही सुचेल. मी उघडल्या आणि यंत्र आधी ओरडायचं त्याच्याही आधी ओरडलं. बंद केल्या तर आकडा हळू चढला. मला वाटलं यंत्र बिघडलं. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून मी ते हातात घेऊन हलवत होते आणि येणारेजाणारे बघत होते. नंतर शांतपणे विचार केल्यावर कळलं. गाडी धावते तेव्हा उघड्या खिडक्या आतली हवा बाहेर ओढतात, आणि तिची जागा भरायला जिथून मिळेल तिथून हवा आत येते. म्हणजे धूर मागून येत होता, आणि मी खिडक्या उघडून त्याला आमंत्रण देत होते.

मागून म्हणजे डिकीतून. मागच्या सीटच्या पाठीमागे पुठ्ठ्याचं एक पातळ पान सोडलं तर डिकी आणि सीट यांच्यामध्ये काहीच नाही. मेकॅनिकने डिकीच्या झाकणाचं रबर नवं लावलं. मी त्यावर कागदाची पट्टी ठेवून झाकण बंद करून, पट्टी ओढून पाहिली; चारी बाजूंनी घट्ट. दिव्यांच्या मागची भोकं टेप लावून बुजवली. यंत्र ओरडायचं ते ओरडलंच. मी हात टेकले. शाळेत त्या आठवड्यात मी इतकी चिडचिड केली की वर्गातली मुलं माझ्यासमोर श्वाससुद्धा जपून घेत होती.

अप्पांना मी विचारलं होतं. डिकीत कधी काही कापलंत, ठोकलंत, काही बसवून घेतलंत का? अप्पा ठामपणे नाही म्हणाले. गाडीच्या पत्र्याला आपण हात लावलेला नाही, कुणाला लावू दिलेला नाही. ते इतकं स्वच्छ बोलले की मी ते धरून चालले. त्यांना मी तेव्हा रोज सांगत असे, "अप्पा, तुम्हाला काही झालेलं नाही. हा सगळा धूर आहे." ते मान हलवत. कधीकधी स्वतःच म्हणत, "धूर अहे." एकदा चहा दोनदा मागून घेतल्यावर कप हातात धरून म्हणाले, "धूर अहे गे हा", आणि माझ्याकडे बघून हसले.

आता अम्माकडे येते, कारण ह्या सगळ्यात मला सर्वांत जास्त छळलं असेल तर माझ्या आईने.

शुक्रवारी घरात साम्ब्राणीचा धूप फिरवायचा, हे इकडे सगळ्याच घरांत चालतं. निखाऱ्यांवर ऊद टाकून ते धुपाटणं खोल्याखोल्यांतून न्यायचं, वाहन असेल तर वाहनालाही दाखवायचं. अम्माच्या मते गाडीला दृष्ट लागली होती. गाडीत वास येतो म्हटल्यावर तिने शुक्रवारचा धूप मंगळवारीही सुरू केला. मी यंत्र लावून, खिडक्यांची काच इंचाइंचाने वरखाली करून शास्त्रशुद्ध शोध घ्यावा, आणि गाडीत बसल्यावर देवळात बसल्यासारखं वाटावं. सीटच्या कापडाला ऊद, छताला ऊद, अप्पांच्या उपरण्याला ऊद. वास कुठून येतो हे नाकाला कळायची सोयच तिने ठेवली नव्हती. यंत्रसुद्धा तिच्या निखाऱ्यांनी ओरडायचं, आणि ती म्हणायची, बघ, दृष्ट किती आहे ते.

एका शुक्रवारी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अम्मा धुपाटणं घेऊन मागच्या दारातून गाडीत वाकली होती. मी तिला म्हटलं, तुझ्यामुळे मला काही शोधता येत नाही, तू वास झाकतेस, अप्पांना बरं वाटावं असं तुला वाटतं की नाही? हे शेवटचं बोलायला नको होतं. ती धुपाटणं घेऊन मागे गेली, डिकी उघडली, घागर नव्हती तरी घागरीच्या जागेला धूप दाखवला, आणि मग, गाडीच्या आत नको ना, असं पुटपुटत धुपाटणं तिथेच आत ठेवून डिकीचं झाकण धाडकन लावलं आणि घरात निघून गेली.

मी पायरीवर बसले. झाकण उघडून धुपाटणं बाहेर काढावं, नाहीतर एखादी चिंधी पेट घेईल, हे मला कळत होतं. पण मी इतकी वैतागले होते की म्हटलं पेटू दे गाडी, एकदाचं सुटेल सगळं. आणि तशी बसल्याबसल्या मला दिसलं की गाडीच्या पोटाखालून, मागच्या बंपरच्या आतून, पांढरा धूर खाली उतरतो आहे. झाकणाच्या फटीतून नाही, दिव्यांपासून नाही. खालून. तीन बारीक धारा, जवळजवळ, शेवयांसारख्या. आणि धुराच्या नळीचं तोंड त्यांच्या हातभर शेजारी.

मी धावत जाऊन डिकी उघडली. धुपाटणं बाहेर काढलं, सतरंजी काढली, जॅक आणि जास्तीचं चाक काढलं. ते सगळं आम्ही आधी चार वेळा काढलं होतं. कोपऱ्यात घागरीची जागा राहिली. तिथे लाकडी फळी, फळीवर काथ्याची चुंबळ, आणि त्यावर घागर बसते. ती जागा मडीची. सोवळं म्हणा. तिथे अंघोळ करून, ओल्या नाहीतर धुतलेल्या वस्त्राने अप्पांनीच हात लावायचा, असा आमच्याकडचा कायदा. मेकॅनिकलाही तो माहीत होता. चप्पल घालून काम करणारा तो माणूस डिकीत वाकला की त्या कोपऱ्याला हात लागू नये म्हणून अंग चोरायचा. आणि मी, जी सोवळ्याओवळ्यावर अम्माशी आयुष्यभर वाद घालत आले, तीही प्रत्येक वेळी फळीच्या कडेपर्यंत बॅटरी मारून थांबत होते. सबंध गाडी आम्ही नखापासून शेंडीपर्यंत तपासली होती, देवाच्या घागरीखालची वीतभर जागा सोडून.

मी फळी उचलली. खाली पत्र्यात तीन भोकं होती; वर फळी असल्याने मेकॅनिकला गाडीखालून त्यांतून उजेड दिसला नव्हता. गंजाची नव्हेत. गोल, एका ओळीत, करंगळी जाईल एवढी, आणि त्यांच्या कडा कानसीने घासून गुळगुळीत केलेल्या. पितळेच्या भांड्याची कड बोट फिरवून पाहायची, टोचता कामा नये, हे मी लहानपणी दुकानात अप्पांकडूनच शिकले होते. मी त्या भोकांवरून बोट फिरवलं. कुणाचं काम आहे हे विचारायची गरज नव्हती.

अम्मा दारात येऊन उभी होती. मी तिला विचारलं, हे अप्पांनी केलं? तिने शांतपणे सांगितलं, हो. मागल्या वर्षी. घागर हिंदकळून पाणी सांडायचं, डिकीत साचून राहायचं, आणि देवाचं पाणी असं कुजत ठेवणं अप्पांना पटेना. ते मातीत जायला हवं. म्हणून त्यांनी हातड्रिल घेऊन दुपारभर बसून ती भोकं पाडली. बॅटरी तिनेच धरली होती.

"मग तू मला इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"तू मज विचारट्लीस केव्हां?" अम्मा म्हणाली. "तू त्यांना विचारट्लीस. त्या मेकॅनिकाला विचारट्लीस. मज म्हटलीस, वास झाकतेस म्हणून."

पुण्याकडचे नातेवाईक आमची ही बोली ऐकून हसतात, जुन्या बखरीतून उठून आल्यासारखे बोलता म्हणतात. त्या क्षणी तिच्या बोलीत मला हसण्यासारखं काही सापडलं नाही. भोकातून पाणी खाली जातं तसा धूर वर येतो, हे तिच्या डोक्यात येण्याचं काही कारण नव्हतं. माझ्या आलं असतं.

अप्पा दुपारची झोप संपवून बाहेर आले. मी त्यांना भोकं दाखवली. ते वाकून बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनीही एका भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. काम चांगलं आहे, म्हणाले. कुणी केलं?

अम्माने माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "तुम्हीच, अप्पा. धुरामुळे आठवत नाही तुम्हाला. आता आठवेल." मागल्या वर्षी ती भोकं पडली तेव्हा गाडीत धूर येतच नव्हता, त्या भोकांनीच तो आणला, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. ती मी त्या दिवशी बाजूला सारली. धुरानेच मागचंही पुसलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. शास्त्र शिकवणाऱ्या माणसाला स्वतःची समजूत घालायलाही शास्त्र बरं उपयोगी पडतं.

दुसऱ्या दिवशी साक्कोट्टैच्या रस्त्यावर जाऊन मी ती भोकं पत्रा जोडून कायमची बंद करून घेतली. घागरीखाली अम्माने तिचं मोठं स्टीलचं ताट दिलं, पाणी सांडलं तर त्यात सांडेल, आणि ताटातलं तुळशीला घालता येईल. इतकं सोपं होतं. यंत्र मागच्या सीटवर ठेवून मी बायपासवर खिडक्या उघडून, खिडक्या बंद करून, वेगात, हळू, सगळ्या तऱ्हांनी गाडी पळवली. आकडा शून्य. मी गाडीत एकटीच मोठ्याने हसले. भावाला फोन करून सांगितलं की गाडी विकायची नाही आणि अप्पाही कुठे जायचे नाहीत. तो नुसतं बरं म्हणाला. त्याने वाद घातला नाही याचंच मला आश्चर्य वाटलं.

आणि अप्पा सुधारले. हे मी ओढूनताणून सांगत नाही. डोकं दुखणं थांबलं. गाडीतून उतरताना दाराला धरून उभे राहायचे ते बंद झालं. भजनमंदिरात त्यांनी झांज पुन्हा हातात घेतली, आणि आवर्तन चुकलेल्या एका तरण्या गायकाला डोळे वटारून दाखवले. मी घरी येऊन अम्माला त्या डोळ्यांची नक्कल करून दाखवली. एक एकादशी गेली, दुसरी गेली. डॉक्टरांनी सांगितलेले दोन-तीन महिने मी मनातल्या मनात आधीच पुरे करून टाकले होते.

मग परवाची एकादशी. सकाळी घाटावर घागर भरली. अप्पांनी स्वतः ती चुंबळीवर बसवली, ताट सरळ केलं. ऊन चांगलं पडलं होतं, रस्त्याला गर्दी नव्हती. दारासुरम् मागे पडलं. यंत्र मी सवयीने पुढे डॅशबोर्डवर ठेवलं होतं, आकडा मागच्या सीटवरूनही दिसेल असा. दोन्ही बाजूंना भात उभा होता. मी अप्पांना काहीतरी सांगत होते, शाळेतलंच काही.

"अत्ता कुठे जातों आपण?" अप्पांनी विचारलं.

मी गाडी कडेला घेतली. एंजिन चालू ठेवलं. काच वर केली आणि नाकाने जोरात श्वास घेतला. मग काच खाली केली आणि पुन्हा घेतला. मागे वळून सीटच्या पाठीशी नाक नेलं. अम्माचा ऊद होता, जुन्या कापडाचा वास होता, अप्पांच्या उपरण्याला चंदनाचा होता. मी यंत्र उचलून मागे नेलं, पुढे आणलं, त्याचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं. शून्य. मला त्या यंत्राचा इतका राग आला की ते मी भातात भिरकावणार होते. इतके महिने ज्या धुराच्या मागे मी हात धुऊन लागले होते, तो मला हवा होता. थोडासा तरी हवा होता. मेकॅनिककडे जाता आलं असतं, आणखी एखादं रबर बदलता आलं असतं.

अप्पा माझ्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या यंत्रावरच्या शून्याकडे. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना लांबचं अगदी स्पष्ट दिसतं. त्यांनी पुढे वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"धूर अहे गे अजून थोडा," ते म्हणाले.

मी यंत्र उलटं करून ठेवलं.

"हो, अप्पा," मी म्हटलं. "थोडा आहे." आणि हात मागे नेऊन त्यांच्या बाजूची काच खाली करून दिली.

मग त्यांना सांगितलं की आपण पट्टीश्वरम्‌ला चाललो आहोत, घागर घेऊन. ते "हो, हो" म्हणाले. मी गिअर टाकला.